तोच डबा, तीच माणसे

साथ कशी पसरते हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी संगणकात एक मुंबई वसवली. त्या मुंबईने काय शिकवले?

बोरिवलीहून सकाळी चर्चगेट फास्ट पकडणाऱ्या माणसाचे सगळे ठरलेले असते. गाडी ठरलेली, डबा ठरलेला, उभे राहायची जागाही ठरलेली. अंधेरीला कोण चढणार आणि दादरला कोणाची जागा रिकामी होणार, हे त्याला न पाहता सांगता येते. कुठल्या डब्यात भजन रंगते, कुठे मांडीवरच्या बॅगेवर पत्त्यांचा डाव पडतो, दसऱ्याला डब्याला हार-तोरणे बांधली जातात. मुंबईकर याला साधेपणाने ‘आमचा ट्रेनचा ग्रुप’ म्हणतो. साथरोगांच्या काही अभ्यासकांना २०२० साली या ग्रुपमध्ये वेगळेच काही दिसले. साथ पूर्ण आटोक्यात येण्याआधीही लोकल चालवता येईल, अशी एक शक्यता.

त्या वर्षी मार्च महिन्यात लोकल थांबली. एरवी रोज ७५ लाखांहून अधिक प्रवाशांना नेणारी ही सेवा १५ जूनपासून पुन्हा सुरू झाली, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. दुकानातले नोकर, घरकाम करणाऱ्या बाया, छोट्या कारखान्यांतले कामगार स्थानकाबाहेरच राहिले. ज्यांना कामावर जाणे भागच होते, ते बस बदलत बदलत तासन्‌तास प्रवास करू लागले. कित्येकांची नोकरी केवळ घर आणि कामाचे ठिकाण यांच्यामधल्या अंतरामुळे गेली.

लोकल उघडली तर साथ किती वाढेल? न उघडली तर किती घरांची चूल बंद पडेल? दोन्ही प्रश्न जीवन-मरणाचेच होते. नवे औषध ठरावीक स्वयंसेवकांवर तपासून पाहता येते. पण अर्ध्या मुंबईला लोकल द्यायची, अर्धीला नाही आणि मग कुठे जास्त माणसे दगावली ते मोजायचे, असा प्रयोग कोणी करू शकत नाही आणि करूही नये. म्हणून बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अर्थात टीआयएफआर येथील संशोधकांनी संगणकात दुसरी मुंबई उभी केली. तिची लोकसंख्या होती एक कोटी चोवीस लाख.

प्लेगच्या आकड्यांपासून सुरुवात

साथीचे गणित मांडण्याची कल्पना नवी नाही आणि तिच्या इतिहासातही मुंबई आहे. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. आजही साथरोगांच्या गणिताचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. कर्मॅक हे एडिंबरामधील रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आपले समीकरण खऱ्या साथीशी जुळते का, हे पाहण्यासाठी या दोघांनी मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्यागणिक आकडे घेतले. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. आकडे हळूहळू चढतात, कळस गाठतात आणि उतरतात. समीकरणातून निघालेली वक्ररेषा या आकड्यांच्या बरीच जवळून गेली.

त्यांची युक्ती अशी होती. सगळ्या लोकसंख्येचे तीन गट करायचे. ज्यांना अजून लागण होऊ शकते ते पहिल्या गटात, ज्यांना लागण झाली आहे ते दुसऱ्यात, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते तिसऱ्यात. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, एवढे कळले की साथीचा आलेख काढता येतो. ही पद्धत साधी आहे, झटपट आहे आणि पुष्कळदा पुरेशीही ठरते.

तिच्यात एक गृहीतक मात्र दडलेले आहे. शहरातला प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणत्याही माणसाला भेटण्याची शक्यता सारखीच आहे, असे ती मानते. म्हणजे सगळे शहर एका पातेल्यात घालून ढवळल्यासारखे. खरे शहर असे नसते. मलबार हिलवरच्या बंगल्यातले कुटुंब आणि धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतले कुटुंब यांच्या दिवसभरातल्या भेटीगाठी सारख्या नसतात. एक जण घरून काम करतो, दुसऱ्याला सकाळी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहावे लागते. पातेल्याच्या गणितात हे दोघे एकसारखेच.

सरासरी कुठे फसवते?

दोन गावांचे उदाहरण घेऊ. दोन्ही गावांत एक रुग्ण सरासरी दोघांना आजार देतो. पहिल्या गावात प्रत्येक रुग्ण नेमका दोघांनाच लागण करतो. दुसऱ्या गावात दहांपैकी नऊ रुग्ण कोणालाच लागण करत नाहीत आणि दहावा एकटा वीस जणांना करतो. सरासरी दोन्हीकडे दोनच. उपाय मात्र वेगळे. पहिल्या गावात प्रत्येकाच्या मागे लागावे लागेल. दुसऱ्या गावात त्या दहाव्या माणसाची भेट जिथे होते ते ठिकाण, म्हणजे बंदिस्त हॉल, लग्नाचा मांडव, कोंदट ऑफिस, हे सांभाळले तरी साथ मोडू शकते.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेल्या एकाच आजारी डॉक्टरकडून सार्सचा विषाणू इतर पाहुण्यांना लागला आणि त्यांच्याबरोबर व्हिएतनाम, सिंगापूर आणि कॅनडापर्यंत पोहोचला.

म्हणजे किती माणसे भेटतात याबरोबरच कोण कोणाला भेटते, हेही मोजावे लागते. माणसे म्हणजे ठिपके आणि त्यांच्या भेटी म्हणजे ठिपके जोडणाऱ्या रेषा, असे चित्र काढले तर जे जाळे तयार होते, त्यालाच अभ्यासक सामाजिक जाळे म्हणतात. साथ या रेषांवरून प्रवास करते. काही ठिपक्यांना दोन-चारच रेषा असतात, काहींना शेकडो.

या जाळ्याचा एक गमतीदार गुण स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवून दिला. बहुतेक माणसांच्या मित्रांना त्यांच्याहून जास्त मित्र असतात. ऐकायला हे अशक्य वाटते, पण हिशेब सोपा आहे. अकरा जणांची एक वस्ती आहे. त्यातला एक किराणा दुकानदार. बाकीचे दहा जण फक्त त्यालाच भेटतात, एकमेकांना नाही. लशीची एकच मात्रा आहे. चिठ्ठी टाकून माणूस निवडला तर ती दुकानदाराला मिळण्याची शक्यता अकरात एक. पण चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याला ‘तुझ्या ओळखीच्या एकाचे नाव सांग’ असे विचारले आणि त्या ओळखीच्या माणसाला लस दिली, तर ती दुकानदारापर्यंत पोहोचण्याची शक्यता अकरात दहा. कोणाच्या किती ओळखी आहेत याची यादी करायची गरजच नाही. २००३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की, लस कमी असताना ही युक्ती चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. पुढे २००९ च्या फ्लूच्या साथीत हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांचा एक गट चिठ्ठ्या टाकून निवडला गेला आणि दुसरा गट त्यांनी सांगितलेल्या मित्रांचा केला. मित्रांच्या गटात फ्लू सुमारे दोन आठवडे आधी पोहोचल्याचे दिसले.

कल्पित मुंबईकराचा एक दिवस

संगणकातली मुंबई अशाच जाळ्यावर उभी आहे. तिच्यातल्या प्रत्येक माणसाला तांत्रिक भाषेत ‘एजंट’ म्हणतात. हा विम्याचा किंवा तिकिटांचा एजंट नव्हे. स्वतःचे वय, घर, काम आणि तब्येत असलेला हा एक कल्पित रहिवासी. त्याला नाव नसते आणि तो कोणा खऱ्या माणसाची नक्कलही नसतो. पण सगळे कल्पित रहिवासी एकत्र केले की त्यांचे वय, कुटुंबाचा आकार, शाळेत आणि कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण हे सगळे खऱ्या शहराच्या नोंदींशी जुळावे लागते.

मुंबईच्या मॉडेलमध्ये महापालिकेचे २४ वॉर्ड होते आणि प्रत्येक वॉर्डात झोपडपट्टी आणि बाकीचा भाग वेगळा धरला होता. प्रत्येक रहिवाशाला एक घर मिळाले, मुलांना शाळा, नोकरदारांना कामाचे ठिकाण. शिवाय शेजारपाजार, बाजार आणि लोकलचा प्रवास. मग संगणकातले घड्याळ सुरू होते. काही तासांचा एक टप्पा सरकला की प्रत्येक रहिवाशाबाबत प्रश्न विचारला जातो. हा आत्ता कुठे आहे? त्याच्याभोवती बाधित किती आहेत? जागा किती कोंदट आहे? त्यावरून लागणीची शक्यता ठरते आणि मग जणू फासा टाकला जातो. लागण झाली तर पुढचे टप्पे. काही दिवस लक्षणे नाहीत, मग एखाद्याला ताप, एखाद्याला काहीच नाही, एखादा रुग्णालयात, एखादा अतिदक्षता विभागात. वय वाढेल तसा गंभीर आजाराचा धोका वाढतो.

फाशाचा खेळ असल्यामुळे एकदा चालवून भागत नाही. तेच शहर, तेच नियम ठेवून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवावे लागते. कधी साथ लवकर विझते, कधी भडकते. या सगळ्या फेऱ्यांमधून सर्वसाधारण कल आणि त्याभोवतीची अनिश्चितता मिळते.

आता बटणे बदलून पाहता येतात. शाळा बंद. बाधिताचे सगळे घर विलगीकरणात. मुखपट्टी सक्तीची. कार्यालयात निम्मीच उपस्थिती. या शेवटच्या उपायाचे गणित हातानेही करता येते. शंभर जणांच्या कार्यालयात एकमेकांना भेटू शकणाऱ्या जोड्या ४,९५० होतात. पन्नासच आले तर त्या दिवशी जोड्या १,२२५, म्हणजे निम्म्या नव्हे, जवळपास पाव. इथे आणखी एक बारकावा आहे. रोज कोणतेही पन्नास जण आले तर काही आठवड्यांत सगळ्याच ४,९५० जोड्या एकदा तरी भेटून जातील. पन्नास-पन्नासच्या दोन पक्क्या तुकड्या करून त्या आलटून पालटून बोलावल्या तर कितीही महिने गेले तरी जोड्या २,४५० च राहतात. रोजची गर्दी तेवढीच, विषाणूच्या वाटा मात्र निम्म्या.

अशी शहरे मुंबईच्या आधीही उभी राहिली होती. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेने पोर्टलँड शहराच्या वाहतुकीचे मॉडेल घेऊन त्यावर देवीची साथ सोडून पाहिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा सांगावा असा होता की, रुग्ण लवकर सापडले तर सरसकट सगळ्यांना लस देण्याऐवजी नेमक्या माणसांना लस देऊनही साथ रोखता येईल. पुढच्याच वर्षी थायलंडसाठी बर्ड फ्लूचे असे मॉडेल तयार झाले.

ग्रुपचा हिशेब

कार्यालयातल्या पक्क्या तुकडीचे तत्त्व लोकलला लावले तर? भारतीय विज्ञान संस्था, गूगल रिसर्च आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ येथील संशोधकांनी हाच प्रश्न त्या एक कोटी चोवीस लाखांच्या मुंबईला विचारला. नेहमी एकत्रच प्रवास करणारा प्रवाशांचा ठरावीक गट, त्यांच्या भाषेत ‘कोहॉर्ट’, केला तर काय होईल?

समजा, डब्यात एका प्रवाशाच्या अगदी जवळ रोज वीस जण असतात. आठवड्याचे कामाचे दिवस पाच. रोज नवे वीस असतील तर आठवड्यात शंभर वेगवेगळ्या माणसांशी संपर्क आला. रोज तेच वीस असतील तर वीसच. गर्दी तेवढीच, प्रवासाचा वेळही तेवढाच. ग्रुपमधल्या एकाला लागण झाली तर उरलेल्यांचा धोका वाढतो हे खरे, कारण तोच माणूस रोज शेजारी असतो. पण डब्यातून विषाणूला पुढे जायच्या वाटा थोड्याच उरतात.

दुसरा फायदा शोधाचा. डब्यात आपल्या शेजारी कोण उभे होते, हे एरवी कोणाला सांगता येत नाही. ग्रुप ठरलेला असेल तर एकाला ताप आल्याबरोबर बाकीच्यांना त्याच दिवशी कळवता येते. लक्षणे नसलेले पण विषाणू पसरवणारे लोक ही कोविडमधली सर्वांत मोठी अडचण होती. ग्रुपच्या ग्रुप घरी थांबला की त्यात असे लोकही आपोआप थांबतात. तिसरा फायदा चाचण्यांचा. कोणत्या ग्रुपची तपासणी आधी करायची, हे ठरवता येते.

याची किंमतही आहे आणि मॉडेलचा खरा उपयोग ती मोजण्यात होता. ग्रुप दहा जणांचा असेल तर एक बाधित निघाल्यावर नऊ जणांना घरी बसावे लागेल. पन्नास जणांचा असेल तर एकोणपन्नास जणांना. महिन्याच्या पगारावर असलेल्याला हे जमेल. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरात दोन आठवडे पैसा येणार नाही आणि मग तो ताप लपवेल. ग्रुप फार मोठा केला तर विनाकारण घरी बसणाऱ्यांची संख्या वाढते, फार छोटा केला तर फायदा घटतो. या दोन टोकांमधले नाते संशोधकांनी आकड्यांत मांडले. त्यांचा निष्कर्ष असा की, प्रवाशांची संख्या किंवा शहराचे व्यवहार फारसे कमी न करताही ग्रुपपद्धतीने संसर्ग बराच घटवता येतो. पातेल्याच्या गणितात हा प्रश्न विचारणेच अवघड होते, कारण तिथे ग्रुप नावाची गोष्टच नसते.

प्रत्यक्षात निवड झाली ती वेळेच्या पट्ट्यांची. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना गर्दीची वेळ सोडून प्रवासाची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर लोकलने जाता येऊ लागले. हजारो प्रवाशांचे ग्रुप बांधायचे, त्यांची नोंद ठेवायची आणि ते पाळले जातात का हे फलाटावर बघायचे, हे काम संगणकात एका बटणाचे असते. दादर स्थानकावर ते तसे नसते.

कोणाची नोंद, कोणती नाही?

मॉडेलमध्ये जे भरले जाईल त्यावरच ते चालते. कोविडमध्ये पहिली अडचण रुग्णसंख्येचीच होती. चाचण्या जास्त झाल्या की रुग्ण वाढलेले दिसत, कमी झाल्या की घटलेले. म्हणून मुंबईचे मॉडेल जुळवताना मुख्य आधार मृत्यूंच्या आकड्यांचा घेतला गेला. तो आकडाही परिपूर्ण नव्हता, पण तुलनेने विश्वासार्ह होता.

दुसरी पडताळणी रक्तातून आली. जुलै २०२० मध्ये निती आयोग, मुंबई महापालिका आणि टीआयएफआर यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतील तीन वॉर्डांत ६,९३६ जणांच्या रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे सापडली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. त्या वेळी मुंबईची अधिकृत रुग्णसंख्या एक लाखाच्या थोडी पुढे होती. याचा अर्थ, नोंद न होताच साथ कितीतरी लोकांना स्पर्शून गेली होती. आणि एकाच वॉर्डात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या साथी चालू होत्या. झोपडपट्टी आणि उरलेले शहर वेगवेगळे धरण्याचा निर्णय किती आवश्यक होता, ते या आकड्यांनी दाखवले.

मॉडेलला जे ठाऊक नव्हते, त्याचाही धडा लवकरच मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये टीआयएफआरच्या गटाने, संदीप जुनेजा आणि प्रल्हाद हर्षा हे त्यातले प्रमुख, मुंबई टप्प्याटप्प्याने उघडून १ नोव्हेंबरपर्यंत पूर्ण सुरू करता येईल, असा अंदाज मांडला. मुखपट्टी आणि इतर काळजी पाळली जाईल, हे त्यात गृहीत होते. वर्षअखेरीपर्यंत शहरात मोठी लाट आली नाही. फेब्रुवारी २०२१ पासून मात्र रुग्ण वाढू लागले आणि एप्रिलपर्यंत रुग्णालयांत खाटा मिळेनाशा झाल्या. विषाणूचा अधिक वेगाने पसरणारा नवा प्रकार आला होता. आधीच्या मॉडेलमध्ये जुनाच विषाणू होता. लोकलवर पुन्हा निर्बंध आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवास खुला झाला.

मग मॉडेल चुकले म्हणायचे का? मॉडेल ‘असे असेल तर असे होईल’ एवढेच सांगते. यातला ‘तर’ वाचताना पुष्कळदा गळून जातो. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या अहवालातील ब्रिटनमध्ये पाच लाख मृत्यू हा आकडा जगभर गाजला. काहीच उपाय केले नाहीत आणि लोकही नेहमीसारखेच वागले तर, अशी त्याला अट होती. उपाय केले गेले, मृत्यू कमी झाले आणि मग ‘अंदाज फसला’ अशी टीका झाली. घाटात पुढे दरड आहे असा फलक वाचून गाडी थांबवली आणि अपघात टळला, तर फलक खोटा ठरत नाही.

टीका योग्य ठरते ती वेगळ्या ठिकाणी. गृहीतके उघड केली नाहीत, संगणक-आज्ञावली कोणाला पाहू दिली नाही, अनिश्चितता लपवून एकच ठाम आकडा दिला, तर प्रश्न विचारलेच पाहिजेत. शिवाय माणूस फाशासारखा वागत नाही. बातम्यांत मृत्यू वाढले की तो आपणहून घरी बसतो, कमी झाले की लग्नाला जातो. २०२० च्या उन्हाळ्यात लाखो कामगार मुंबई सोडून गावी गेले. भारताची हाताशी असलेली शेवटची जनगणना तर २०११ ची होती. कल्पित शहर खऱ्या शहराइतके चपळ नसते.

गोवराची वस्ती

कोविड ओसरला तरी या पद्धतीची गरज संपलेली नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या भागात गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात लहान मुले दगावली. गोवर इतका सांसर्गिक आहे की तो रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना लशीचे संरक्षण लागते. इथेही सरासरी फसवते. सारख्याच लोकसंख्येच्या शंभर वस्त्यांचे एक शहर घेऊ. पंचाण्णव वस्त्यांत ९८ टक्के लसीकरण आहे आणि पाच वस्त्यांत केवळ ३८ टक्के. शहराची सरासरी बरोबर ९५ टक्के येते. कागदावर उद्दिष्ट पूर्ण. पण त्या पाच वस्त्यांतली मुले एकमेकांबरोबरच खेळतात, एकाच अंगणवाडीत जातात. त्यांच्यापुरता गोवराला रान मोकळे आहे.

एकेका माणसाचा हिशेब ठेवणारे मॉडेल अशी वस्ती दाखवू शकते, पण तिथल्या घरांची, मुलांची, स्थलांतराची नोंद असेल तरच. ही नोंद संगणक करत नाही. ती आशा सेविका आणि परिचारिका दारोदार जाऊन करतात. त्यांच्या वहीत जे घर सुटते, ते संगणकातल्या शहरातही नसते.

पुढच्या साथीत अंदाजांचे मथळे पुन्हा येतील. ते वाचताना तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. हा आकडा कोणत्या अटीवर आहे? या हिशेबात कोण धरले आहे आणि कोण सुटले आहे? सुचवलेल्या उपायाची किंमत कोण मोजणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मॉडेल काही प्रमाणात देते. दहा जणांच्या ग्रुपमध्ये नऊ जण घरी बसतील, हे ते सांगते. त्या नऊ जणांचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, हे शहराला ठरवावे लागते. आणि ते ठरले नाही, तर ग्रुपमधला ज्याला ताप आहे तो गोळी घेऊन सकाळची नेहमीची फास्ट पकडेल.